मापाचा ब्लाऊज

कसबा बावड्याच्या एक काकी आहेत, माझ्याकडे बरीच वर्षं ब्लाऊज शिवायला टाकतात, नाव लिहीत नाही. मधली दोन वर्षं त्यांनी मला एकदा पण टेप लावू दिला नाही. यायच्या, पिशवीतनं कापड काढायच्या आणि त्याच्यावर एक जुना मरून ब्लाऊज ठेवायच्या, "ह्या मापाचा शिव, बघायची काय गरज न्हाई." मी म्हणायची काकी तुम्ही उतरलाय किती, हे माप आता बसणार नाही, तर "बसतंय की, तू शिव" म्हणत लगेच चप्पल पायात. शिवलेला न्यायला पण स्वतः यायच्या नाहीत, नातवाला धाडायच्या. वीस-बावीस वर्षं मशीनवर बसलेय मी, कोल्हापुरात राजारामपुरीत छोटंसं दुकान आहे, नुसतं टेप फिरवताना कळतं कुणाला दिवस गेलेत, कोण जेवायचं सोडून बसलीय, कुणाच्या हाताला सूज आहे. काकींचं मात्र मला कळलं नाही. म्हणजे कळलं असतं, मी नीट बघितलं नाही. पदर दोन्ही खांद्यांवरनं घ्यायला लागल्या होत्या हे दिसत होतं, वय झालं म्हणून असेल असं धरून मी सोडून दिलं.

आणि हे दुसऱ्या कुणाला नाही तरी मला कळायलाच पाहिजे होतं.

१९९८ साली मी दहावीला होते. माझ्या आईला छातीत उजव्या बाजूला गाठ लागली, ब्रेस्ट कॅन्सरची. तिला एवढंच सांगितलेलं की गाठ काढायचीय, दोन दिवसांत घरी. सही वडिलांनी केली. शुद्धीवर आल्यावर तिनं हात लावून बघितला तेव्हा तिला समजलं की काय काढलंय. दवाखान्याला एकट्याला दोष देत नाही मी, आमच्या घरातल्या सगळ्यांनाच वाटायचं की बाईला न सांगणं म्हणजे तिला जपणं. पण ती सोळा वर्षांत कधी तरी एकदा माझ्याशी ह्या विषयावर बोलली, तेव्हा दुखण्याचं नाही बोलली, केमोचं नाही, केसांचं नाही. "मला विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते गं," एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर जखम भरली आणि एक दिवस दुपारी दार लावून ती मशीनवर बसली. जुन्या सुती साडीचा तुकडा, त्याची वाटीसारखी पिशवी, आत कापूस. कापूस हलका, तो वर सरकायचा, पार गळ्याशी यायचा. मग वजन पाहिजे म्हणून बाजरी घातली. पावसाळ्यात बाजरीला किडे झाले. मग मोहरी, लक्ष्मीपुरीतनं आणलेली, उन्हात कडकडीत वाळवून. हे सगळं तिनं एकटीनं शोधून काढलं, कुणी सांगणारं नव्हतं, आणि ती कुणाला सांगत पण नव्हती. मी त्याच घरात होते आणि मला वाटायचं आई दुपारची झोपते.

ती पिशवी ती ब्लाऊजला आतनं सेफ्टी पिननं लावायची. मामाच्या मुलाचं लग्न होतं, कार्यालयात पंगत बसलेली, आई जिलेबी वाढायला वाकली आणि पिन सुटली आणि सुटलेलं टोक तिच्या अंगात गेलं आणि तिला कळलंच नाही. ब्लाऊजवर रक्ताचा डाग आला, रुपयाएवढा. काखेतल्या गाठी काढताना तिथल्या नसा दुखावतात, कधी कापल्याच जातात, त्यानं छातीची कातडी, काख, दंडाची आतली बाजू बधिर राहते, कित्येकींची कायमची, हे मला आता माहिती आहे. तेव्हा मी सोळा वर्षांची होते, नवीन ड्रेस घातला होता, मैत्रिणी बरोबर होत्या. मी आईजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणलं, "आई, पदर नीट घे, सगळे बघतायत."

कोणी बघत नव्हतं. मीच बघत होते.

तिनं पदर घेतला. परत कधी कुठल्या लग्नात ती वाढायला उठली नाही. आजीनं दिलेला साज होता तिचा, आता दहा-बारा पानांचा मिळतो तसा नाही, जुना, एकवीस पानांचा, दशावतार, अष्टमंगळ सगळं असलेला. साज छातीवर बसतो, दोन्ही बाजू सारख्या नसल्या की पानं सगळी एकीकडं ओघळतात. तो तिनं कपाटात ठेवला तो थेट माझ्या लग्नात माझ्या गळ्यात घातला. २०१४ ला आई गेली, हार्टनं गेली, कॅन्सर परत आला नाही. तिची ट्रंक आवरताना साड्यांच्या खाली सात पिशव्या सापडल्या, घड्या घालून ठेवलेल्या, सगळ्या उजव्या बाजूच्या. त्यातली एक मी माझ्या दुकानातल्या ड्रॉवरमध्ये ठेवली, का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

तर काकी. तीन वर्षांपूर्वी पुतणीचं लग्न निघालं, काठपदराची साडी घेतलेली, आणि एक दिवस भर दुपारी दीड वाजता, मी डबा खात होते, त्या आल्या. "काल पण आलो होतो, गर्दी होती तुझ्याकडं म्हणून परत गेलो." बसल्या. मरून ब्लाऊज काढला. परत पिशवीत ठेवला. परत काढला. मग म्हणाल्या, "हे माप आता चालंना बघ मला." आणि गप्प. हात आपोआप डाव्या बाजूला गेला होता, आणि त्या हाताकडं बघून मला माझी आई दिसली, सगळं एका दमात समजलं. काय बोलायचं सुचेना. मी ड्रॉवर उघडला आणि आईची ती पिशवी काढून टेबलावर ठेवली. काकींनी ती उचलली, तळहातावर घेऊन वजन बघितलं, बोटांनी दाबून बघितली.

"मोहरी हाय व्हय आत?"

मी हो म्हणलं. "मी मोजा घालतो," काकी म्हणाल्या, "नातवाचा. त्यो गोळा होतोय सारखा."

मग मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पडदा लावला आणि विचारलं, टेप लावू का काकी. त्यांनी पदर काढला. ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली होती, फुले योजनेतनं झालेलं, ऑपरेशन केमो रेडिएशन सगळं व्यवस्थित झालं होतं, त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. पण ह्या दोन वर्षांत डॉक्टर आणि नर्स सोडून ती जागा कुणी बघितली नव्हती. "मालकांनी बी न्हाई. त्यांनी इचारलं न्हाई, मी दाखवलं न्हाई." अंघोळ करताना आरशावर टॉवेल टाकायच्या. अंबाबाईला नवरात्रात कधी चुकायच्या नाहीत त्या दोन वर्षं गेल्या नव्हत्या, कारण रांगेत रेटारेटी होते आणि तपासणीला लेडीज पोलीस हात फिरवते, तिच्या हाताला मोजा लागला तर काय सांगायचं. हे ऐकताना मला फार वाईट वाटलं, एका मोज्यापायी बाईची देवी सुटली.

व्रण कसा असतो ते इथं लिहिते, कारण ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांना आधी माहिती असलेलं बरं आणि ज्यांच्या घरात झालंय त्यांना दचकायला नको. छातीच्या मधल्या हाडाजवळनं तिरकी काखेकडं जाणारी एक लांब रेघ. सुरुवातीला लाल, मग हळूहळू फिकट. कातडी फासळ्यांना लागून सपाट. काखेकडच्या टोकाला कधी कधी कातडीची जास्तीची घडी राहते, ती ब्लाऊजच्या शिलाईत घासते. रेडिएशन झालं असेल तर तेवढा चौकोन काळपट आणि कोरडा. बास, एवढंच असतं. शरीर आहे, शिवलेलं आहे. मी आयुष्यभर शिवणच करतेय, मला ते बघून भीती वाटली नाही, आणि मला भीती वाटली नाही हे काकींनी बघितलं. माझ्या मते त्या दिवशी ब्लाऊजपेक्षा हे जास्त कामाला आलं.

आता मापाचं. ज्या टेलर बायका हे वाचत असतील त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते. आपण नेहमी छाती पूर्ण गोल घेतो आणि चारानं भागतो. इथं ते चालतच नाही. मधल्या रेघेपासून डावीकडं वेगळं माप, उजवीकडं वेगळं. खांद्यापासून खाली पण दोन्ही बाजूंचं वेगळं, कारण सपाट बाजूची उंची कमी भरते, आणि दोन्ही पुढचे भाग एकाच कागदावर कापले की घातल्यावर हुकपट्टी तिरकी ओढली जाते, गळा एका बाजूला जातो, मग ती बाई दिवसभर ब्लाऊज खेचत बसते. पुढचे दोन भाग वेगवेगळे काढायचे. ऑपरेशनच्या बाजूला मुंढा अर्धा-पाऊण इंच मोकळा ठेवायचा, शिलाई काखेच्या घडीवर येऊ द्यायची नाही, जरा मागं सरकवायची. बाही घट्ट नको, कितीही फॅशन असू दे. काखेतल्या गाठी काढल्यावर हातातलं पाणी नीट उतरत नाही, सूज येऊ शकते, त्याला डॉक्टर लिम्फेडिमा म्हणतात, ती ऑपरेशननंतर वर्षांनी पण येते, आणि बाहीचा वळ उठत असेल तर ती बाही उसवून द्यायचीच. अस्तर मऊ सुती. कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेन वगैरे गोळ्या कित्येकींना चालू असतात वर्षानुवर्षं, त्यानं एकदम अंगातनं वाफा निघाल्यासारखं गरम होतं, सिंथेटिक अस्तरात जीव नकोसा होतो. हुक पुढंच. मागं हुक किंवा चेन दिली तर हात मागं जात नाही.

हात वरती घ्या म्हणलं तर काकींचा हात खांद्याच्या वर जाईना. भिंतीवर बोटं चालवत चालवत हात वर न्यायचा व्यायाम सांगितलेला असतो सगळ्यांना, काकींनी चार दिवस केला आणि सोडला. दोन वर्षांनी का होईना फिजिओथेरपीला गेल्या, माझ्या सांगण्यावरनं, आणि आता हात कानापर्यंत येतो. हे मुद्दाम लिहिते कारण बऱ्याच जणी तो हात पोटाशी धरून बसतात, जसा काय तो पण आजारी आहे.

आणि सेफ्टी पिन लावायची नाही. त्या बाजूला कधीच नाही. बधिर कातडीला टोचलेलं समजत नाही आणि गाठी काढलेल्या बाजूला जखम चिघळायला वेळ लागत नाही. मी आतनं मलमलचा खिसा शिवते, तोंड काखेच्या बाजूनं, पॅड त्यात बसतं, वाकलं तरी हलत नाही. हा खिसा शिवायला मला वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटं! माझी आई सोळा वर्षं पिना लावत होती आणि मी त्याच वेळी बाहेर बसून दुसऱ्या बायकांच्या ब्लाऊजला लटकन लावत होते.

पॅडचं मी नंतर बरंच वाचून काढलं, मोबाईलवर, रात्री. सिलिकॉनचं मिळतं, वजनदार, खऱ्यासारखं खाली येतं, पण ते महाग, काही हजारांत जातं, आणि जखम पूर्ण भरल्याशिवाय घालत नाहीत, साधारण सहा ते आठ आठवडे तरी, रेडिएशन असेल तर डॉक्टर म्हणतील तेव्हा. तोवर हलकं सुती. वजनाचं पण कारण आहे, ज्यांची छाती भारी आहे त्यांची एक बाजू गेली की खांदा एकीकडं चढतो, मान पाठ भरून येते, आईची सारखी पाठ दुखायची आणि आम्ही तिला बाम लावत होतो. सुती धाग्याचे विणलेले पॅड पण असतात, अमेरिकेत नीटेड नॉकर्स म्हणून बायका ते विणून फुकट वाटतात, विणायचा नमुना पण त्यांनी सगळ्यांसाठी खुला ठेवलाय, आपल्या देशात पण विणणाऱ्या बायका आहेत. आमच्या गल्लीतल्या एक आजी क्रोशाचं काम करतात त्यांना मी तो नमुना दाखवला, त्यांनी आठवड्यात चार करून दिले.

वाचता वाचता एक गोष्ट सापडली ती मी येईल त्या प्रत्येकीला सांगते. बार्बी बाहुली जिनं काढली ती रूथ हँडलर, तिला १९७० साली ब्रेस्ट कॅन्सर झाला, एक बाजू काढली. दुकानात पॅड आणायला गेली तर काहीच्या काही गोळे, डावं-उजवं असा फरकसुद्धा नाही. तिनं मग स्वतः कंपनी काढली आणि नीट आकाराचे, डावे वेगळे उजवे वेगळे पॅड बनवायला लागली, 'नियरली मी' (Nearly Me) असं त्यांचं नाव ठेवलं, आणि बायकांना घालून दाखवायला स्वतः दुकानात उभी राहायची. मी हे वाचलं आणि ड्रॉवरमधली आईची पिशवी काढून बघितली. एक बाजू काखेकडं निमुळती, दुसरी गोल. कोल्हापुरात दार लावून बसलेल्या माझ्या आईला पण डावं-उजवं सुचलं होतं.

१९५२ साली न्यूयॉर्कमधल्या टेरीस लासर नावाच्या बाईचं असंच ऑपरेशन झालं आणि ती बरी होऊन दुसऱ्या बायकांना दवाखान्यात जाऊन भेटायला लागली, बरोबर एक पॅड घेऊन, व्यायाम शिकवायला. रीच टू रिकव्हरी म्हणून ते काम पुढं जगभर पसरलं. जिचं झालंय तिनंच दुसरीला भेटायचं, ह्यात मोठं शहाणपण आहे. मी कितीही चांगला खिसा शिवला तरी मी त्यातनं गेलेली नाही. म्हणून आता नवीन कोणी आली आणि तिची हरकत नसेल तर मी काकींना फोन करते. काकी येतात, चहा घेतात, आणि पहिलंच वाक्य "माझं डावं, तुझं कुठलं?" असं एवढ्या सरळ विचारतात की समोरची रडायचं विसरते.

पण मी एक चूक केली ती पण लिहायला पाहिजे. जयसिंगपूरच्या एक मॅडम आल्या, शाळेत शिकवतात, वय अडतीस. (आपल्याकडे हा आजार पाश्चात्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधीच गाठतो, तरुण मुली बऱ्याच असतात.) मी उत्साहात पॅड काढले, खिसा दाखवला, क्रोशाचं दाखवलं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, मला काही भरायचं नाहीये. आहे तसं बसेल असं शिवाल का?" मी म्हणलं अहो बघून तर घ्या, कोणाला कळणार पण नाही. "कळलं तर चालेल मला." तरी मी आपली थांबेना, शाळेत मुलं काय म्हणतील, लग्नकार्यात काय. त्यांचा चेहरा एकदम बंद झाला, पिशवी उचलायला लागल्या, आणि मला "पदर नीट घे, सगळे बघतायत" हे जसंच्या तसं ऐकू आलं, माझ्याच आवाजात.

मी माफी मागितली. मग शिवलं. ती बाजू बिनटक्सची, सरळ, खांद्याला थोडा उतार, आणि साडीच्या मिऱ्या... पदराच्या घड्या कुठं लावायच्या ते दोघींनी आरशासमोर उभं राहून ठरवलं. डावी बाजू असेल तर पदराखाली जाते, उजवी उघडी राहते, मॅडमची उजवी होती. त्यांना ती झाकायची नव्हतीच, कापड तिथं फुगू नये आणि घासू नये एवढंच पाहिजे होतं. घालून बघितल्यावर त्या दोन्ही हात वर करून, खाली करून, वळून बघत होत्या, आणि म्हणाल्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा एखादा कपडा माझ्यासाठी शिवलाय असं वाटतंय. मी वीस वर्षं दोन्ही बाजू सारख्या दिसणं म्हणजे चांगलं शिवण असं धरून चालले होते. ते चुकीचं होतं. पॅड घालायचं, नाही घालायचं, घरी नाही फक्त बाहेर घालायचं, ते जिचं शरीर आहे तीच ठरवणार. प्लास्टिक सर्जरी करून परत बनवून पण घेतात काही जणी, पोटाची किंवा पाठीची कातडी-चरबी घेऊन नाहीतर इम्प्लांट घालून, ऑपरेशनच्या वेळीच किंवा नंतर, त्यातनं आकार येतो, पहिल्यासारखा स्पर्श कळेलच असं नाही. ज्यांना पाहिजे त्यांनी आधीच विचारावं.

आधीच विचारायची अजून एक गोष्ट. सगळ्यांचं पूर्ण काढावंच लागतं असं नाही. गाठ छोटी असेल, जागा तशी असेल तर फक्त गाठ आणि आजूबाजूचा थोडा भाग काढून वर रेडिएशन देतात. इटली आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा बायकांना वीस-वीस वर्षं तपासून २००२ मध्ये निकाल छापले, पूर्ण काढलेल्या आणि थोडं काढलेल्या बायका जगण्याच्या बाबतीत सारख्याच निघाल्या. प्रत्येकीला ते जमतं असं नाही, आणि कित्येक जणी स्वतःच सांगतात काढून टाका एकदाचं, डोक्याला ताप नको, तो पण त्यांचा हक्क आहे. पण निदान प्रश्न विचारलेला असावा आणि उत्तर तिला स्वतःला दिलेलं असावं, नवऱ्याला बाजूला घेऊन नाही. आईचं वाक्य मी वर लिहिलंय.

घरातल्या लोकांसाठी थोडं. "जीव वाचला ना, बास झालं की" हे वाक्य मी दुकानात इतक्यांदा ऐकलंय, सासूनं म्हणलेलं, नणंदेनं म्हणलेलं, लेकानं म्हणलेलं. सगळे प्रेमानंच म्हणतात. पण त्यानंतर त्या बाईला बोलायला जागाच राहत नाही, आरशाबद्दल काही बोलली तर ती कृतघ्न ठरते. माझी आई सोळा वर्षं गप्प बसली ती ह्याच वाक्याखाली. "ह्या वयात कोण बघतंय" हे दुसरं. साठ वर्षांच्या बाईला पण ब्लाऊज नीट बसलेला पाहिजे असतो, मी टेलर आहे, मला विचारा. लग्नाच्या कार्यालयात बायकांच्या खोलीत सगळ्या एकत्र साड्या बदलतात, तेव्हा तुमच्यातली कोणी बाथरूममध्ये जाऊन बदलत असेल तर दार वाजवून घाई करू नका, बाहेर उभं राहून तिची पिशवी धरा.

नवरे बाहेर मोटारसायकलवर बसून राहतात. वाईट नसतात, त्यांना सुचत नाही. एकानं मला विचारलं, ती लाईट बंद केल्याशिवाय कपडे बदलत नाही, मी काय करू वहिनी. मला तरी काय माहिती, मी म्हणलं बघायची घाई करू नका पण नजर पण चुकवू नका, आणि तिला एकदा सरळ विचारा की मी बघितलं तर चालेल का. पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. पुढच्या वेळी तो बाहेर न थांबता आत येऊन स्टुलावर बसला आणि बायकोबरोबर अस्तराचा रंग बघत होता एवढं मला माहिती आहे.

२०२२ साली आपल्या देशात एका वर्षात १ लाख ९० हजारांच्या वर बायकांना ब्रेस्ट कॅन्सर झाला, बायकांच्या कॅन्सरमध्ये हाच एक नंबरला आहे. हा आकडा वाचल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला की म्हणजे प्रत्येक टेलरच्या दुकानात अशी एखादी गिऱ्हाईक येतच असणार, मापाचा ब्लाऊज टेबलावर ठेवून लगेच निघून जाणारी. तुम्ही टेलर असाल तर तिला एकदा विचारा. सगळ्यांसमोर नको, गर्दी नसताना.

काकींनी पुतणीच्या लग्नात साज घातला. पानं मधोमध बसली होती, फोटो आहे माझ्याकडं, पण तो दाखवायची परवानगी मी मागितलेली नाही. त्या नवरात्रात अंबाबाईला पण जाऊन आल्या. परवा आल्या होत्या, मापाचा ब्लाऊज आणला नव्हता, कापड टेबलावर टाकलं आणि स्वतःच हात पसरून उभ्या राहिल्या. "मागचा गळा जरा खाली घे ह्या वेळी. लई वर घेतीस तू."

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार मी दुसरं गिऱ्हाईक घेत नाही. पडदा जाड आहे, आरसा मोठा आहे, नको असेल तर त्याच्यावर कापड टाकता येतं. खिशाचे आणि पॅडचे पैसे घेत नाही, ब्लाऊजची शिलाई नेहमीची. ऑपरेशन झाल्या झाल्या नळीची बाटली घेऊन घरी सोडतात, ती गळ्यात अडकवायला लांब बंदाच्या सुती पिशव्या पण शिवून ठेवल्यात, ज्यांच्या घरात पेशंट असेल त्यांनी येऊन घेऊन जा. आज एवढंच, उद्या सकाळी सहा पॅड द्यायचेत, चार डावे दोन उजवे, आणि उजव्यातल्या एकाचं वजन अजून जुळत नाहीये.